मॅग्नेटाइट–ग्राफीन ऑक्साइड कंपोझिट: बनवायचं कसं, तपासायचं कसं, आणि कुठे चालत नाही

रंगीत पाण्यात चिमूटभर काळी पूड टाकायची, तासभर हलवायचं, बीकरला बाहेरून चुंबक लावायचं आणि पाणी नितळ. हा प्रयोग दिसायला इतका देखणा आहे की एमएस्सीच्या प्रोजेक्टला त्याचा मोह पडतोच. पण चुंबकाला चिकटणारी प्रत्येक काळी पूड कंपोझिट, म्हणजे मॅग्नेटाइट आणि ग्राफीन ऑक्साइड एकमेकांना बांधलेला पदार्थ, नसते. नुसतं मॅग्नेटाइटही (लोहाचं चुंबकीय ऑक्साइड) काळंच असतं आणि चुंबकाला तितक्याच हौसेने चिकटतं. त्यावर ग्राफीन ऑक्साइड (ऑक्सिजनचे गट जोडलेले कार्बनचे अतिपातळ पापुद्रे) खरंच बसलंय का, हे पुडीकडे बघून कळत नाही. ते वर राहिलेल्या पाण्यावरून कळतं. त्यामुळे धुण्याचं पाणी सिंकमध्ये ओतण्याआधी उजेडात धरा आणि रंग वहीत लिहा. निम्म्या चुका तिथेच सापडतात.

दोघांची कामं वेगळी आहेत. रंग किंवा धातूचे आयन धरून ठेवण्याचं बरंचसं काम ग्राफीन ऑक्साइड करतं. पण ते पाण्यात इतकं बारीक पसरतं की खाली बसत नाही आणि गाळायला गेलं तर फिल्टर तुंबवतं. मॅग्नेटाइट त्याला धरायला मूठ देतं. हे कण साधारण २० नॅनोमीटरच्या खाली ठेवले की ते सुपरपॅरामॅग्नेटिक वागतात, म्हणजे चुंबक जवळ असेपर्यंत ओढले जातात आणि चुंबक काढलं की एकमेकांना न चिकटता पुन्हा पसरतात. शिवाय ग्राफीनचे पापुद्रे वाळताना एकावर एक बसून जाऊ नयेत, म्हणून मधे खुंट्यांसारखेही उपयोगी पडतात. लोह वाढवलं तर चुंबक झटकन ओढतं पण शोषण घटतं. कमी केलं तर शोषण चांगलं, पण पूड पाण्यातच तरंगत राहते. वजनाने २० टक्के ग्राफीन ऑक्साइड आणि ८० टक्के मॅग्नेटाइट हे पहिल्या बॅचसाठी सुरक्षित प्रमाण आहे.

आधी वापर ठरवा

ग्राफीन ऑक्साइड तसंच ठेवायचं की रिड्यूस करायचं, म्हणजे त्यातला बराचसा ऑक्सिजन काढायचा, हे वापरावर ठरतं. मिथिलीन ब्लूसारखे धनभारित रंग, शिसं, तांबं, कॅडमियम यांच्यासाठी ऑक्साइडच हवं, कारण कडांवरचे ऋणभारित कार्बॉक्सिल गटच त्यांना धरतात. कीटकनाशकं, तणनाशकं, काही अँटिबायोटिक्स अशा रिंगवाल्या सेंद्रिय रेणूंसाठी रिड्यूस केलेलं बरं, ते चपट्या कार्बन पापुद्र्यावर चिकटून बसतात. बॅटरीच्या इलेक्ट्रोडला तर रिडक्शनशिवाय इलाज नाही, कारण ऑक्साइड वीज नीट वाहून नेत नाही. (मॅग्नेटाइटची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे सुमारे ९२५ मिलिअँपिअर-तास, ग्राफाइटची ३७२. मात्र चार्ज-डिस्चार्जमध्ये मॅग्नेटाइट फुगतं आणि तुटतं. ग्राफीन तिथे त्याला धरून ठेवतं.) आर्सेनिकला मुख्यतः लोहाचा पृष्ठभागच पकडतो, त्यामुळे तिथे मॅग्नेटाइट बारीक आणि मोकळं असणं महत्त्वाचं. एमआरआय आणि हायपरथर्मियासाठीही हेच पदार्थ वापरतात, पण ती वेगळी शिस्त आहे. कॉलेजच्या लॅबमधली पूड तिकडे चालत नाही.

ग्राफीन ऑक्साइड

विकत मिळतं आणि वेळ कमी असेल तर विकतच घ्या. घरचं करायचं असेल तर १९५८ च्या मूळ हमर्स पद्धतीपेक्षा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली सुधारित पद्धत बरी. तिच्यात सोडियम नायट्रेट नसल्यामुळे नायट्रोजन ऑक्साइडचे वायू सुटत नाहीत.

१ ग्रॅम ग्राफाइटची भुकटी, १२० मिली संहत सल्फ्युरिक आम्ल, १३ मिली फॉस्फोरिक आम्ल, ६ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट. याहून मोठी बॅच पहिल्यांदा करू नका. आम्लांचं मिश्रण बर्फाच्या पाण्यात थंड करून त्यात ग्राफाइट ढवळा. मग परमँगनेट अर्धा-अर्धा चमचा करत, अर्ध्या तासात, तापमान २० अंशांखाली ठेवून टाका. रंग हिरवट होतो. हा हिरवा रंग म्हणजे इशारा समजा. परमँगनेट आणि सल्फ्युरिक आम्लातून मँगनीज हेप्टॉक्साइड तयार होतं, आणि ते ५५ अंशांच्या वर किंवा सेंद्रिय पदार्थाला लागल्यावर स्फोट करू शकतं. आसपास अ‍ॅसिटोन, अल्कोहोल, टिश्यू पेपर काही नको. फ्यूम हूडची काच खाली, चेहऱ्यावर शील्ड, आणि सगळं परमँगनेट एकदम ओतायचं नाही.

नंतर ५० अंशांवर १२ तास ढवळत ठेवा. मिश्रण घट्ट, तपकिरी-जांभळट लापशीसारखं होतं. इथे तापमान थर्मामीटरने मोजा, हॉट प्लेटच्या आकड्यावर विसंबू नका. रात्रभर चालणारा टप्पा आहे, म्हणून वीज जाण्याचा भरवसा नसेल तर सकाळी सुरू करा. ढवळणं थांबून हीटर चालू राहिला तर तळाला तापमान चढतं.

गार झाल्यावर १५० ग्रॅम बर्फावर, हूडमध्येच, हळूहळू ओता आणि वरून ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबाथेंबाने, रंग उजळ पिवळा होईपर्यंत. साधारण १ ते २ मिली पुरतं. बर्फ डिस्टिल्ड वॉटरचाच घ्या, आदल्या दिवशी ट्रेमध्ये लावून ठेवलेला. बर्फ कारखान्यातल्या लादीत क्लोराइड आणि कॅल्शियम असतं. क्लोराइडमधून क्लोरीन सुटतो आणि कॅल्शियममुळे पापुद्रे गोळा होतात.

धुणं हे यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. आधी ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने दोन-तीनदा धुवा, म्हणजे मँगनीज आणि सल्फेट निघतं. मग पाण्याने सेंट्रिफ्यूज करत पीएच ५ पर्यंत आणा. पीएच वाढत गेला की गाळ फुगून जेलीसारखा होतो आणि ४००० फेऱ्यांवर खालीच बसत नाही. इथे वैतागून धुणं अर्धवट सोडलेलं पुढे फार नडतं. आत राहिलेलं आम्ल अमोनिया खातं, राहिलेलं मँगनीज लोहाबरोबर बसतं. फेऱ्या वाढवा, वेळ वाढवा, किंवा डायलिसिस ट्यूबमध्ये भरून दोन-तीन दिवस पाणी बदलत ठेवा.

पूर्ण वाळवू नका. ओला गाळ डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून ठेवा, त्यातलं ५ मिली वजन केलेल्या काचेत ५० अंशांवर वाळवून मिलीमागे किती मिलिग्रॅम आहे ते काढा. वाळलेलं ग्राफीन ऑक्साइड, विशेषतः पोटॅशियमचे क्षार नीट न निघालेलं, ओव्हनमध्ये भसकन पेटू शकतं. १०० अंशांवर ठेवून घरी जाणं हा शुद्ध मूर्खपणा.

कंपोझिट

पद्धत को-प्रेसिपिटेशनची: फेरस आणि फेरिक क्षार १ ला २ प्रमाणात घेऊन ग्राफीन ऑक्साइडच्या पाण्यात मिसळायचे आणि अमोनियाने मॅग्नेटाइट तिथल्या तिथे खाली आणायचं.

ग्राफीन ऑक्साइड ०.३ ग्रॅम इतकं येईल तेवढं द्रावण घेऊन १५० मिलीपर्यंत पातळ करा आणि बाथ सोनिकेटरमध्ये एक तास ठेवा. प्रोब सोनिकेटर असेल तर १० मिनिटं, तीही थांबत-थांबत, खाली बर्फ ठेवून. जास्त वेळ दिला की पापुद्र्यांचे तुकडे होतात आणि ते तुकडे धुताना निसटतात. दुसरीकडे ३० मिली पाण्यात २.७० ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट आणि १.९६ ग्रॅम मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) विरघळवा, संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. यातून हिशेबाने १.१६ ग्रॅम मॅग्नेटाइट मिळायला हवं.

मोहर सॉल्टच का? फेरस क्लोराइडची बाटली एकदा उघडली की हवेने फेरिक होत जाते, वरचा थर पिवळट-तपकिरी दिसतो. वजन बरोबर, पण आतलं फेरस कमी. मोहर सॉल्ट हवेत बराच टिकतो. फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट वापरायचं तर १.३९ ग्रॅम, फिकट हिरवे स्फटिक असलेलंच. फेरिक क्लोराइडची वेगळीच गंमत. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर ते तराजूवरच ओलं होतं आणि आकडा डोळ्यांसमोर चढत जातो. पावसाळ्यात वजन झाकणाच्या बाटलीत करा आणि बाटली डेसिकेटरमध्ये ठेवा. चिकट झालेला डबा असेल तर त्याचं टायट्रेशन करून खरं प्रमाण काढल्याशिवाय वापरू नका.

सगळं पाणी दहा मिनिटं उकळून, झाकून गार केलेलं हवं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन निघतो. नायट्रोजनचा सिलेंडर असेल तर प्रश्नच नाही, शेवटपर्यंत बुडबुडे सोडा. नसेल तर फेरिक थोडं कमी, म्हणजे २.७० ऐवजी २.४५ ग्रॅमच्या आसपास घ्या. हवेने थोडं फेरस फेरिक होणारच, ते धरून चाललं की प्रमाण जागेवर येतं.

आता ढवळण्याचं साधन. मॅग्नेटिक स्टरर वापरला तर तयार झालेलं सगळं मॅग्नेटाइट त्या पांढऱ्या गोळीला मिशांसारखं चिकटेल आणि द्रावण कोरडंच राहील. ही चूक इतकी सर्रास होते की नियम म्हणून लिहून ठेवा: मॅग्नेटाइट बनवताना ओव्हरहेड स्टररच, आणि पातं काचेचं किंवा टेफ्लॉनचं. स्टरर नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर टेफ्लॉनचा दांडा आणि पातं करून घेता येतं, वर वेग कमी-जास्त होणारी छोटी मोटर लावायची. लोखंडी दांडा चालणार नाही.

५०० मिलीच्या तीन तोंडांच्या फ्लास्कमध्ये ग्राफीन ऑक्साइड ढवळत असताना लोहाचं द्रावण १५ ते २० मिनिटांत थेंबाथेंबाने सोडा. मिश्रण लगेच गाठाळ दिसतं. घाबरू नका, फेरिक आयन पापुद्र्यांना एकमेकांना बांधतो म्हणून तसं होतं. मात्र द्रावण एकदम ओतलं तर गाठी मोठ्या होतात आणि आतल्या पृष्ठभागाला लोह पोचतच नाही. अर्धा तास तसंच ढवळू द्या, म्हणजे आयन जागोजागी बसतील.

६० अंशांपर्यंत तापवा. ढवळण्याचा वेग वाढवा आणि २५ टक्क्यांचा लायकर अमोनिया १५ मिली, एका मिनिटाच्या आत ओता. पटकन ओतल्याने एकाच वेळी भरपूर बीजकण तयार होतात आणि कण बारीक राहतात, सावकाश ओतलं तर मोठे होतात. रंग तपकिरीवरून क्षणात काळा व्हायला हवा. हिशेबाने ३ मिली पुरेसा आहे, पण ग्राफीन ऑक्साइडचं आम्ल, मोहर सॉल्टमधला अमोनियम आणि गरम पाण्यातून उडणारा अमोनिया धरून जास्त लागतो. थोडं मिश्रण गार करून पीएच बघा, १० च्या आसपास हवा. कमी असेल तर आणखी ५ मिली. मग कंडेन्सर लावून ८० अंशांवर एक तास.

काळ्याऐवजी विटकरी झालं तर फेरस कमी पडलं किंवा हवा फार लागली. हिरवट-राखाडी गाळ राहिला तर फेरस जास्त आहे किंवा पीएच पुरेसा चढलेला नाही. विटकरी बॅच तापवून काळी होत नाही, ती टाकून नवीन करा.

रिड्यूस केलेलं हवं असेल तर इथेच, पीएच ९ च्या वर आहे याची खात्री करून १ ग्रॅम अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल टाका आणि ९० ते ९५ अंशांवर दोन तास ठेवा. हायड्राझिनही चालतं, पण ते विषारी आणि कर्करोगाचा धोका असलेलं. व्हिटॅमिन सीने काम होत असताना ते हातात घेण्याचं कारण नाही. अ‍ॅस्कॉर्बिक टाकल्यावर पीएच उतरतो, तो पुन्हा अमोनियाने वर आणा. आम्लधर्मी झालं तर अ‍ॅस्कॉर्बिक मॅग्नेटाइटच विरघळवायला लागतं.

धुताना वरचं पाणी

नियोडायमियमचं चुंबक घ्या. जुन्या स्पीकरमधली काळी फेराइटची रिंग कमजोर पडते, पण भंगारातल्या हार्ड डिस्कमधले चंद्रकोरीच्या आकाराचे तुकडे उत्तम. बीकरच्या बाजूला धरा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. दोन तुकडे एकत्र हाताळताना बोटं सांभाळा. हृदयात पेसमेकर असलेल्या माणसाला जवळ येऊ देऊ नका.

पाणी ओता, पुन्हा भरा, हलवा, चुंबक लावा. पाण्याने तीनदा, मग इथेनॉलने दोनदा. पहिलं पाणी नितळ निघालं म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. त्यात क्षार आणि अमोनिया भरपूर असल्यामुळे सुटं ग्राफीन ऑक्साइडही गोळा होऊन पुडीबरोबर खाली बसलेलं असतं. क्षार निघून गेले की ते पुन्हा पसरतं. म्हणून तिसरं पाणी जास्त खरं बोलतं. तिसऱ्या पाण्यात फिकट तपकिरी झाक आली तर ती ग्राफीन ऑक्साइडची की गंजाची, हे पाच मिनिटांत कळतं: परीक्षानळीत थोडं घेऊन संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाका आणि कोमट करा. तपकिरी भुगा गोळा होऊन तळाला बसला तर ग्राफीन ऑक्साइड, विरघळून नितळ पिवळं झालं तर लोह. पिवळ्यात पोटॅशियम थायोसायनेट टाकल्यावर रक्तासारखा लाल रंग येतो, म्हणजे शंका उरत नाही.

ग्राफीन ऑक्साइड सुटत असेल तर सोनिकेशन जास्त झालं, लोह घाईने ओतलं किंवा अर्ध्या तासाची वाट पाहिली नाही. लोह सुटत असेल तर पीएच किंवा प्रमाण चुकलं.

शेवटी ५० ते ६० अंशांवर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळवा. साध्या ओव्हनमध्ये ११० अंशांवर रात्रभर ठेवलं तर पूड सकाळी तपकिरी दिसते. तेव्हा मॅग्नेटाइट हवेने मॅगहेमाइट झालेलं असतं. तेही चुंबकाला चिकटतं, म्हणून अनेकांच्या लक्षातच येत नाही. शोषणासाठी वापरायचं असेल तर सगळी पूड वाळवूच नका. वाळून कडक झालेला गोळा पुन्हा नीट पसरत नाही. थोडी पूड तपासण्यांसाठी, बाकीचं इथेनॉलमध्ये ओलंच, मिलीमागे किती मिलिग्रॅम ते बाटलीवर लिहून.

कोरडं वजन १.४६ ग्रॅमपर्यंत यायला हवं. थोडं कमी ठीक. जास्त आलं तर पाणी किंवा क्षार आत आहेत, आनंद मानू नका.

तपासण्या, आणि त्यातून काय कळत नाही

मोठ्या यंत्रांआधी मफल फर्नेस, म्हणजे जास्त तापमानाची भट्टी. १०५ अंशांवर तासभर सुकवलेली १०० मिलिग्रॅम पूड क्रुसिबलमध्ये ६५० अंशांवर, हवेत, दोन तास. कार्बन जळून जातो आणि मॅग्नेटाइट लाल फेरिक ऑक्साइड होतं. एक ग्रॅम मॅग्नेटाइटचं १.०३४ ग्रॅम होतं, म्हणून उरलेल्या वजनाला १.०३४ ने भागा. वरच्या प्रमाणात सगळं जागेवर असेल तर सुमारे ८२ मिलिग्रॅम लाल पूड उरते. ९५ उरली तर समजा की ग्राफीन ऑक्साइड धुण्याच्या पाण्यातून सिंकमध्ये गेलं. हे करायला काही खर्च नाही, तरीही बऱ्याच प्रोजेक्टमध्ये ते नसतं.

एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची ओळख), एफटीआयआर आणि रामन (रासायनिक बंधांची ओळख), व्हीएसएम (चुंबकत्वाचं मापन) यांसाठी नमुने शिवाजी विद्यापीठाच्या सैफ-सीएफसी केंद्रात किंवा जवळच्या विभागांत देता येतात. एक्सआरडीत तांब्याच्या किरणांनी मॅग्नेटाइटच्या रेषा ३०.१, ३५.४, ४३.१, ५३.४, ५७.० आणि ६२.६ अंशांजवळ हव्यात. ३३.२ ला रेष दिसली तर हेमाटाइट, २१.२ ला दिसली तर गोएथाइट शिरलंय. कणाचा आकार शेररच्या सूत्राने: ३५.४ च्या रेषेची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.८ अंश असेल तर सुमारे १० नॅनोमीटर. रुंदी रेडियनमध्ये बदलायला आणि यंत्राची स्वतःची रुंदी वजा करायला विसरू नका.

दोन निष्कर्ष मात्र काढू नका. ग्राफीन ऑक्साइडची १० ते ११ अंशांची रेष कंपोझिटमध्ये दिसत नाही म्हणून ते रिड्यूस झालं, असं होत नाही. कण मधे बसल्याने थर रचलेले राहिले नाहीत, इतकंच ते सांगतं. आणि मॅग्नेटाइट व मॅगहेमाइटच्या रेषा इतक्या जवळ असतात की नॅनो आकारात एक्सआरडीने त्यांना वेगळं करणं धाडसाचं. रामनमध्ये मॅग्नेटाइट ६७० प्रति सेंटिमीटरच्या आसपास दिसतं, पण लेसरची ताकद कमी ठेवा. नाहीतर लेसरच ते भाजून हेमाटाइट करतो आणि २२५ व २९० ला रेषा उमटतात.

व्हीएसएमसाठी ग्राफीन ऑक्साइडशिवाय केलेली मॅग्नेटाइटची एक बॅच सोबत द्या. ती ग्रॅममागे ६० इएमयू (चुंबकत्वाचं एकक) दाखवत असेल तर ८० टक्के मॅग्नेटाइटच्या कंपोझिटने ४७-४८ दाखवायला हवं. (मोठ्या स्फटिकाचं मूल्य ९२ च्या जवळ असतं. नॅनोकणांकडून ती अपेक्षा करू नका.) फारच कमी आलं तर लोहाचा काही भाग चुंबकीय नसलेल्या रूपात आहे.

रंगावरचा प्रयोग

मिथिलीन ब्लू, लिटरला २० मिलिग्रॅम, ५० मिली द्रावण, २५ मिलिग्रॅम कंपोझिट, शेकरवर. ५, १०, २०, ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांना थोडं काढा, चुंबकाने वेगळं करा, ६६४ नॅनोमीटरला वाचा. फिल्टर पेपरने गाळू नका, पेपरच रंग पितो आणि आकडा खोटा चांगला येतो. मिथिलीन ब्लू क्यूव्हेटलाही चिकटतो, प्रत्येक वाचनानंतर इथेनॉलने विसळा.

२० मिलिग्रॅमचं द्रावण सरळ यंत्रात ठेवलं तर शोषकांक ४ च्या वर जातो, तिथे यंत्राचं काही खरं नसतं. दहापट पातळ करूनच वाचा. कॅलिब्रेशन ०.५ ते ४ मिलिग्रॅममध्ये करा. सोबत तीन कंट्रोल: पूड न टाकलेलं द्रावण, नुसतं मॅग्नेटाइट, नुसतं ग्राफीन ऑक्साइड. शेवटचं चुंबकाने निघणार नाही, सेंट्रिफ्यूज करावं लागेल.

इथे एक हिशेबाची चूक नेहमी दिसते. ९५ टक्के रंग गेला, म्हणजे ग्रॅममागे ३८ मिलिग्रॅम, आणि तीच पदार्थाची क्षमता असं लिहिलं जातं. पण बीकरमध्ये रंगच इतका टाकलाय की कितीही उत्तम पदार्थ असला तरी ४० च्या वर जाऊच शकत नाही. क्षमता काढायची तर २० पासून २०० मिलिग्रॅमपर्यंत सुरुवातीची तीव्रता वाढवत न्या आणि वक्र सपाट होतो तिथली किंमत घ्या. शोषणाच्या वेगासाठी वापरतात त्या स्यूडो-सेकंड-ऑर्डर समीकरणाचा आर-वर्ग (आकडे किती जुळतात याचं माप) ०.९९ आला म्हणून रासायनिक बंध सिद्ध झाला असंही नाही, ते समीकरण जवळपास सगळ्यालाच बसतं.

पाण्यात लोह उतरतंय का तेही बघा: फेनँथ्रोलिनने, ५१० नॅनोमीटरला. पीएच ३ ला रंगाचं शोषण घटतं आणि लोहही सुटतं.

इचलकरंजीचं पाणी मिथिलीन ब्लू नव्हे

कोल्हापूर भागातल्या जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टची प्रस्तावना इचलकरंजीच्या कापड प्रोसेसिंगच्या सांडपाण्यापासून सुरू होते आणि प्रयोग मात्र मिथिलीन ब्लूवर होतो. सुती कापडाला लागतात ते बहुतेक रिअ‍ॅक्टिव्ह रंग, आणि त्यांच्यावर सल्फोनेटचे ऋणभार असतात. ग्राफीन ऑक्साइडही ऋणभारित, म्हणजे दोघं एकमेकांना लांब ढकलतात. त्यात सोडा अ‍ॅशने चढलेला पीएच, रंगाच्या बाथमधलं लिटरला काही दशक ग्रॅम मीठ, सायझिंगचा स्टार्च. मिथिलीन ब्लूचा निकाल तिथे लागू होत नाही.

रिअ‍ॅक्टिव्ह रंगासाठी पृष्ठभाग धनभारित करावा लागतो. ०.५ ग्रॅम कंपोझिट ५० मिली पाण्यात पसरवा. १० मिली १ टक्का असेटिक आम्लात ०.१ ग्रॅम कायटोसान विरघळवून त्यात मिसळा, अर्धा तास ढवळा आणि पातळ कॉस्टिकने पीएच ९ च्या वर न्या, म्हणजे कायटोसान पुडीवर बसतो. आम्लात जास्त वेळ ठेवू नका, लोह सुटतं. हे कंपोझिट पीएच ५ ते ६ ला काम करतं, म्हणून पाणी आधी न्यूट्रल करणं आलंच. चाचणीला रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ घ्या, ५९७ नॅनोमीटरला वाचा, आणि मीठ टाकून व न टाकता दोन्ही करा. मिठाने आकडा पडतो, पण उपयोगाचा आकडा तोच.

आणि रोज लाखो लिटर पाण्यासाठी हा पदार्थ नाही, हे स्पष्ट लिहायला लाजू नये. तिथे चुना, फेरस सल्फेट आणि अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन कितीतरी स्वस्त.

जिथे खरंच किंमत वसूल होते

पाण्यातला अंशमात्र पदार्थ गोळा करून मोजायला हे कंपोझिट अप्रतिम आहे. पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस सगळीकडे, आणि उसाच्या तणावर मारलं जाणारं अ‍ॅट्राझिन विहिरीच्या पाण्यात इतकं कमी असतं की एचपीएलसीला (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) थेट दिसत नाही. रिड्यूस केलेलं कंपोझिट ५० मिलिग्रॅम, ५०० मिली पाण्यात, अर्धा तास हलवा. चुंबकाने पूड धरा, पाणी ओतून टाका, पुडीवर २ मिली अ‍ॅसिटोन घालून दोन मिनिटं हलवा, पुन्हा चुंबक. अ‍ॅसिटोन नायट्रोजनच्या झोताने उडवून तेवढ्याच मोबाइल फेजमध्ये (एचपीएलसीतून वाहणाऱ्या द्रवात) घ्या आणि २२२ नॅनोमीटरला वाचा. तीव्रता सिद्धांताने २५० पट वाढते. प्रत्यक्षात किती, हे बघायला त्याच विहिरीच्या पाण्यात माहीत असलेलं अ‍ॅट्राझिन घालून वेगळी चाचणी करा. डिस्टिल्ड वॉटरमधली रिकव्हरी नेहमी जास्त येते, विहिरीच्या पाण्यातले ह्युमिक पदार्थ जागा अडवतात.

पूड पुन्हा वापरायची तर मिथिलीन ब्लूनंतर १ टक्का असेटिक आम्ल घातलेल्या इथेनॉलने अर्धा तास धुवा, मग पाण्याने. संहत आम्लाने धुतलं तर रंगाबरोबर मॅग्नेटाइटही जातं आणि पुढच्या फेरीत चुंबक काही ओढत नाही. फेरीगणिक क्षमता उतरते. पाच फेऱ्यांचे आकडे द्या आणि पाचव्या फेरीनंतर मफल फर्नेसची चाचणी पुन्हा करा.

टाकाऊ काळी पूड सिंकमध्ये नको. चुंबकाने गोळा करून बाटलीत, लेबल लावून, घातक कचऱ्यात. ग्राफीन ऑक्साइडचं पहिलं आम्लाचं पाणी गार करून पाण्यात कालवलेल्या चुन्याने पीएच ९ च्या वर न्या. मँगनीज तपकिरी गाळ होऊन बसायला रात्र जाते, म्हणून ती बाटली दुसऱ्या दिवशीच उघडा.